लिस्बनमध्ये को-वर्किंग स्पेस निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

को-वर्किंग म्हणजे दिवसाच्या किंवा महिन्याच्या भाड्याने मिळणारी सामायिक ऑफिसची जागा. लिस्बनला येऊन लॅपटॉपवर काम करायचं ठरवलेल्या मराठी मंडळींकडून तिच्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "स्वस्त कुठलं?" माझ्या मते तो चौथा-पाचवा असायला हवा. पहिला प्रश्न हा की आपलं काम कुठल्या देशाच्या घड्याळावर चालतं. तो सुटला की निम्मी यादी आपोआप गळते. दर ढोबळ दिले आहेत आणि व्हिसाचे नियम बदलत राहतात, त्यामुळे अर्ज भरण्याआधी अधिकृत माहिती एकदा वाचून घ्या.

१. को-वर्किंग घ्यायलाच हवं का? घरून नाही का भागत?

घर कसं मिळालंय त्यावर आहे. लिस्बनच्या जुन्या इमारतींमध्ये सेंट्रल हीटिंग नसतं. बाहेर छान ऊन पडलेलं असतं आणि घरात मात्र डिसेंबर ते फेब्रुवारी दमट गारठा. स्वेटर घालून, पायाशी हीटर लावून बसायचं आणि महिनाअखेरीला विजेचं बिल बघायचं. त्यात शेअरिंगमध्ये खोली घेतली असेल तर टेबल म्हणजे बहुधा भिंतीला टेकवलेली एक फळी. अशांना को-वर्किंगचे पैसे हिवाळ्यातच वसूल होतात.

नवीन इमारतीत, नीट टेबल-खुर्ची असलेलं घर असेल आणि आठवड्यात दोन-तीनच कॉल असतील, तर महिन्याची मेंबरशिप घेऊ नका. अधूनमधून डे-पास पुरतो.

२. हॉट डेस्क, फिक्स्ड डेस्क, डे-पास, व्हर्च्युअल ऑफिस... यातलं माझ्यासाठी कुठलं?

हॉट डेस्क म्हणजे रोज जी जागा रिकामी असेल ती आपली, संध्याकाळी सगळं आवरून निघायचं. फिक्स्ड डेस्क म्हणजे ठरलेलं टेबल; मॉनिटर, कीबोर्ड तिथेच ठेवता येतो आणि बहुतेक ठिकाणी खालचा कप्पा कुलपाचा असतो. डे-पास एका दिवसापुरता. व्हर्च्युअल ऑफिस म्हणजे फक्त पत्ता आणि टपाल. बसायला जागा त्यात नसते, हे लक्षात न घेता स्वस्त दिसलं म्हणून घेणारे बरेच भेटतात.

एक-दोन महिन्यांसाठी आलात तर हॉट डेस्क. पाठीचं दुखणं असेल किंवा दोन स्क्रीनशिवाय हात चालत नसेल तर फिक्स्ड. पहाटे किंवा रात्री काम असेल तर निवड वेगळ्या कारणाने फिक्स्डकडे झुकते, ते प्रश्न ३ मध्ये.

३. मी हिंजवडीतल्या कंपनीत आहे, भारतीय वेळेनेच काम करावं लागणार. कुठलं को-वर्किंग चालेल?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. आधी गणित बघा. लिस्बन भारताच्या मागे आहे, उन्हाळ्यात साडेचार तास आणि हिवाळ्यात साडेपाच. तुमचं ऑफिस सकाळी १० ते संध्याकाळी ७ असेल, तर उन्हाळ्यात इथले पहाटे ५:३० ते दुपारी २:३०, आणि हिवाळ्यात पहाटे ४:३० ते दुपारी १:३०. घड्याळ मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे जातं. भारतातलं बदलत नाही, म्हणून ऑक्टोबरअखेरीला तुमचा स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी मीटिंग, अचानक एक तास आधी येतो. पुण्यातल्या टीमला हे कुणी सांगितलेलं नसतं.

आता को-वर्किंगकडे बघा. रिसेप्शन बहुतेक ठिकाणी ९ ते ६. वेबसाइटवर "चोवीस तास प्रवेश" असं लिहिलेलं असतं, पण तो बऱ्याचदा फिक्स्ड डेस्क किंवा प्रायव्हेट ऑफिसवाल्यांना असतो, हॉट डेस्कला नाही. त्यामुळे ईमेलमध्ये थेट विचारा: "माझ्या प्लॅनवर पहाटे पाच वाजता माझ्या कार्डने बाहेरचा दरवाजा उघडेल का? एसी, हीटिंग आणि कॉल घ्यायचे बंद फोन बूथ तेव्हा चालू असतात का?" शेवटचा भाग गाळू नका. दार उघडतं, पण हीटिंग आठ वाजता सुरू होतं, अशा जागा आहेत.

दुसरी अडचण पोहोचण्याची. मेट्रो सकाळी ६:३० ला सुरू होते. पहाटे चारला कारिश कंपनीच्या रात्रीच्या बस असतात, पण मोजक्या, आणि बहुतेक नदीकाठच्या काइश दो सोद्रे भागावरून जाणाऱ्या. म्हणून भारतीय वेळेवाल्यांना माझा सल्ला ठरलेला आहे: एक तर को-वर्किंग घरापासून चालत दहा मिनिटांवर घ्या, नाही तर पहाटेचे पहिले तीन-चार तास घरून काढून नऊला को-वर्किंगला या. दुसऱ्या पर्यायात साधा हॉट डेस्क पुरतो आणि पैसे वाचतात. दुपारी दोनला लॅपटॉप मिटून नदीकाठी जाता येतं, हा या वेळापत्रकाचा खरा फायदा. फक्त रात्री नऊला झोपायची तयारी हवी, आणि लिस्बनमध्ये लोक तेव्हा जेवायला बसत असतात.

४. क्लायंट अमेरिकेत आहेत, मग?

मग तुमचं सोपं आहे. न्यूयॉर्क पाच तास मागे. तिथले ९ ते ५ म्हणजे इथले दुपारी २ ते रात्री १०. कॅलिफोर्निया असेल तर संध्याकाळी ५ ते रात्री १, आणि मेट्रोही रात्री एकलाच बंद होते, तेव्हा घर जवळ हवं. मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सांध्यावर एक आठवडा न्यूयॉर्कशी फरक चारच तासांचा असतो, कारण अमेरिका आणि युरोप वेगवेगळ्या रविवारी घड्याळ बदलतात. लंडनचं आणि लिस्बनचं घड्याळ एकच, जर्मनी तासभर पुढे. त्या वेळेने काम करणाऱ्यांना कुठलंही को-वर्किंग चालतं, त्यांनी सरळ प्रश्न ५ वर जावं.

५. कुठल्या भागात घ्यावं? नकाशावर सगळंच जवळ दिसतं.

नकाशावर चढ दिसत नाहीत. ग्रासा आणि अल्फामा हे जुने भाग बायशापासून, म्हणजे शहराच्या सपाट मध्यभागापासून, जेमतेम किलोमीटरभर, पण तो किलोमीटर चढायचा आहे, पाठीवर लॅपटॉप घेऊन, पांढऱ्या दगडी फरशीवरून. पाऊस पडला की ती फरशी साबण लावल्यासारखी निसरडी होते. पिवळी २८ नंबरची ट्राम फोटोत फार गोड दिसते, पण ती पर्यटकांनी भरलेली असते आणि खिसेकापूंसाठी प्रसिद्ध आहे. रोज ऑफिसला जायचं वाहन म्हणून तिचा विचारही करू नका.

सालदान्या आणि आजूबाजूचा आवेनिदाश नोवाश भाग सपाट, रुंद रस्त्यांचा, बँका-ऑफिसांचा. लाल आणि पिवळी अशा दोन मेट्रो इथे मिळतात आणि लाल मेट्रो थेट विमानतळावरून येते. इथली को-वर्किंग थोडी कॉर्पोरेट, शांत, कॉल घेणाऱ्यांसाठी चांगली. संध्याकाळी मात्र भाग सुना वाटतो. माझं मत विचाराल तर पहिल्या महिन्यासाठी हाच भाग.

काइश दो सोद्रे आणि सांतुश नदीकाठी. मेर्कादो दा रिबेराच्या वरच्या मजल्यावरचं सेकंड होम हे झाडांनी भरलेलं को-वर्किंग २०१६ पासून इथे आहे आणि युरोपातल्या को-वर्किंगचे फोटो शोधले की हमखास दिसतं. पुढे अल्कांतराला २५ एप्रिल पुलाखाली व्हिलेज अंडरग्राउंड आहे, शिपिंग कंटेनर आणि डबलडेकर बसमधली ऑफिसं. बघायला जरूर जा. अल्कांतराला अजून मेट्रो पोहोचलेली नाही, लोकल ट्रेन, बस किंवा ट्रामने जावं लागतं. काइश दो सोद्रेला घर घेत असाल तर एक सूचना: तिथल्या रात्री गजबजलेल्या असतात. को-वर्किंग तिथे, घर दुसरीकडे, हे जमतं. उलटं जमत नाही.

आंझोश, आरोयोश, इंतेंदेंत हे हिरव्या मेट्रोवरचे भाग. भाडी तुलनेने कमी, लोक सगळ्या देशांचे, छोटी स्वतंत्र को-वर्किंग. जवळच मार्तीम मोनीझ, म्हणजे वाणसामानाची सोय (प्रश्न १०). बऱ्याच भारतीयांना शेवटी हाच भाग आवडतो.

पूर्वेकडच्या ब्यातो आणि मार्व्हिलामध्ये जुन्या गोदामांतून मोठमोठ्या जागा उघडल्या आहेत. स्टार्टअपवाल्यांना आकर्षण असतं, पण मेट्रो नाही. पार्क दश नासोइशला नवीन, सपाट, लिफ्टच्या इमारती. कुटुंब घेऊन येणाऱ्यांना सोयीचं, एकट्याने आलेल्यांना कंटाळवाणं.

मेट्रो-बसचा महिन्याचा नावेगांत पास शहरापुरता ३० युरो आणि संपूर्ण महानगरासाठी ४० युरो आहे. समुद्रकिनारी काश्काइशला किंवा नदीपलीकडे स्वस्तात राहून शहरात येणाऱ्यांना ४० युरोंचा पास फार फायद्याचा पडतो.

६. महिन्याला किती धरायचे?

डे-पास साधारण १५ ते ३० युरो, हॉट डेस्क महिना दीडशे ते तीनशे, फिक्स्ड त्याच्या वर. पण वेबसाइटवरचा आकडा बघताना शेजारी बारीक अक्षरात "+ ईवा" लिहिलंय का ते शोधा. ईवा म्हणजे तिथला व्हॅट, मुख्य भूमीवर २३ टक्के. १८० युरो दिसले तर हातातून २२१ युरो ४० सेंट जाणार. शिवाय लॉकर, टपाल, प्रिंट आणि मीटिंग रूमचे तास यांचे वेगळे पैसे असू शकतात. तुलना करताना सगळ्यांचा ईवासकटचा आकडा एका कागदावर मांडा. दोन "स्वस्त" जागा तिथेच महाग ठरतात.

७. ट्रायलच्या दिवशी नेमकं काय बघायचं?

आधी दिवस नीट निवडा. शुक्रवारी दुपारी सगळंच रिकामं आणि शांत असतं. मंगळवार किंवा बुधवारी सकाळी ११ ला जा, तेव्हा जागा खरी कशी आहे ते कळतं.

सगळ्यात आधी फोन बूथ. दार लावून आत वीस मिनिटं बसा, खराच एखादा कॉल करा. पंखा चालतोय का, पाचव्या मिनिटाला घाम फुटतो का, शेजारच्या बूथमधलं वाक्य न् वाक्य ऐकू येतंय का? आत टेबल आहे की लॅपटॉप मांडीवर घ्यावा लागतो? प्लग आहे का? मग बाहेर येऊन मोजा, माणसं किती आणि बूथ किती. तीस माणसांत दोन बूथ असतील तर तुमचा अकराचा कॉल जिन्यात होणार. बूथ बुक करता येतो की जो आधी पोहोचेल त्याचा, आणि दिवसाला किती वेळ मिळतो, हेही विचारा. जो माणूस सकाळी बूथमध्ये जॅकेट टांगून दिवसभर तिथेच बसतो, तो प्रत्येक को-वर्किंगमध्ये एक असतोच. व्यवस्थापन त्याला उठवतं का, ते बघा.

वायफाय तपासताना डाउनलोडच्या आकड्याने भुलू नका. पोर्तुगालमध्ये फायबर सर्रास आहे, तो आकडा मोठाच येणार. अपलोड बघा, गर्दीच्या वेळी बघा, आणि ज्या टेबलावर बसणार तिथे बघा, रिसेप्शनजवळ नाही. जुन्या इमारतींच्या जाड दगडी भिंती सिग्नल गिळतात. कंपनीचं व्हीपीएन जोडून भारतातल्या सर्व्हरवर तासभर प्रत्यक्ष काम करा. टेबलाला लॅन केबलची सोय असेल तर त्या जागेला माझे दोन गुण जास्त.

राहिलं ते पटकन: खुर्चीची उंची बदलते का, दुपारी तीनला स्क्रीनवर ऊन येतं का, स्वच्छतागृहं किती, लिफ्ट आहे का. चौथ्या मजल्यावरची देखणी जागा लिफ्टशिवाय महिन्याभरात नकोशी होते.

८. कॅफेत किंवा लायब्ररीत बसून फुकटात नाही का चालत?

लायब्ररीत चालतं, कॉल नसतील तर. कांपो पेकेनोजवळच्या गाल्वेयाश राजवाड्यातली महापालिकेची लायब्ररी सुंदर आहे, बाग आहे, वायफाय आहे. कॅफेत एका बिकावर, म्हणजे छोट्या कडक कॉफीवर, चार तास बसणं आता पूर्वीसारखं खपवून घेतलं जात नाही. बऱ्याच ठिकाणी शनिवार-रविवारी लॅपटॉप नको अशी पाटी असते. कोपऱ्यावरच्या साध्या कॅफेतली चार टेबलं जेवणाच्या वेळी त्यांच्या रोजच्या गिऱ्हाइकांना लागतात, हेही समजून घ्यायला हवं.

९. भारतातला चार्जर चालेल का?

व्होल्टेज २३०, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर नको. दोन पिनांचा मोबाइल चार्जर सहसा बसतो, लॅपटॉपची तीन गोल पिनांची जाड वायर बसत नाही. युरोपियन पिनचा अॅडॅप्टर भारतातूनच दोन नग आणा, एक को-वर्किंगच्या लॉकरमध्ये राहू द्या.

१०. शाकाहारी आहे. दुपारच्या जेवणाचं काय? डबा गरम करता येतो का?

स्वयंपाकघर बहुतेक ठिकाणी असतं: मायक्रोवेव्ह, फ्रिज, कॉफी मशीन. शेगडी क्वचित. पोळी-भाजी, वरण-भात गरम करायला काही अडचण नाही. लसणाच्या फोडणीचा वास दरवळला तर कुणी बोलत नाही, उलट "हे काय आहे?" म्हणून दोघं-तिघं डब्यात डोकावतात. फ्रिजमध्ये डब्यावर नाव आणि तारीख लिहा. शुक्रवारी फ्रिज रिकामा करण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे आणि तेव्हा स्टीलचा डबाही कचऱ्यात जाऊ शकतो.

बाहेर जेवायचं तर कोपऱ्यावरच्या खानावळीत "प्रातो दो दिया", म्हणजे त्या दिवसाचं ताट, मासे किंवा मांसाचंच असतं. कोबीच्या पानांचं हिरवं सूप काल्दो व्हेर्द मागवलंत तर त्यात सॉसेजची चकती निघते, "सें शोरीसो" सांगून ती वगळायला लावा. कॅफेच्या काउंटरवर समोसे दिसतील. गोवा आणि मोझांबिकमार्गे ते पोर्तुगालच्या रोजच्या खाण्यात इतके मुरलेत की तिथे त्यांना कुणी परदेशी समजत नाही. पण आतलं सारण बहुधा मांसाचं, तेव्हा भाजीचा आहे का ते विचारूनच घ्या. तूरडाळ, कढीपत्ता, पोह्यांसाठी मार्तीम मोनीझ आणि मोरारियाचं शॉपिंग सेंटर गाठा. मांसाहारी असाल तर शहरातल्या गोवन हॉटेलांत शाकुती आणि शेवटी बेबिंका मिळतो, एखादा रविवार त्यासाठी राखून ठेवा.

११. पहाटे किंवा रात्री उशिरा एकट्या मुलीने जाणं-येणं सुरक्षित आहे का?

मी एकटी जाते-येते. लिस्बनमध्ये भीती हिंसेपेक्षा पाकीटमारीची जास्त. तरी पहाटे चारच्या निर्जन चढावरून चालत जाण्यापेक्षा टॅक्सी अॅप बरं, उबर आणि बोल्ट रात्रभर मिळतात. इमारतीचा बाहेरचा दरवाजा आपोआप कुलूपबंद होतो का आणि त्या वेळी आत आणखी कुणी असतं का, हे ट्रायललाच विचारा.

१२. टुरिस्ट व्हिसावर येऊन दोन महिने को-वर्किंगमधून काम केलं तर?

को-वर्किंगवाले व्हिसा विचारत नाहीत, पासपोर्ट आणि कार्ड बघून मेंबरशिप देतात. त्यातून काम करायची परवानगी मिळाली असा अर्थ निघत नाही. शेंगेनचा पर्यटन व्हिसा पर्यटनासाठीच आहे. त्यावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, तेही सगळ्या शेंगेन देशांचे मिळून. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर येण्या-जाण्याची नोंद बोटांचे ठसे आणि चेहऱ्यासह संगणकावर घ्यायला टप्प्याटप्प्याने सुरुवात झाली, त्यामुळे "शिक्का पुसट होता" ही सबब संपली.

यासाठीच पोर्तुगालने ऑक्टोबर २०२२ अखेरीला डिजिटल नोमॅडसाठी, म्हणजे लॅपटॉपवर कुठूनही काम करणाऱ्यांसाठी, व्हिसा सुरू केला, ज्याला सगळे डी-८ म्हणतात. त्याचे दोन प्रकार: एक वर्षभरापर्यंतच्या तात्पुरत्या मुक्कामाचा, दुसरा पुढे रहिवासी परवाना घेणाऱ्यांचा. उत्पन्नाची अट पोर्तुगालच्या किमान वेतनाच्या चौपट, मागच्या तीन महिन्यांच्या सरासरीवर. २०२६ साठी किमान वेतन ९२० युरो, म्हणजे महिना ३,६८० युरो. भारतीय पगारात ही रक्कम साडेतीन लाखांच्या वर जाते, तेव्हा आधी हा आकडा तपासा, को-वर्किंग नंतर बघू. भारतातून अर्ज व्हीएफएसमार्फत जातो.

१३. व्हिसासाठी किंवा रहिवासी परवान्यासाठी को-वर्किंगचा करार पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो का?

नाही. राहण्याची जागा दाखवावी लागते: घरभाड्याचा करार किंवा तत्सम कागद. व्हर्च्युअल ऑफिसचा पत्ता टपाल आणि व्यवसायासाठी ठीक आहे, पण तिथे तुम्ही झोपत नाही हे परवाना देणाऱ्या आयमा या संस्थेलाही माहीत असतं. २०२३ मध्ये जुनी सेफ संस्था बंद होऊन ही आली, आणि तिथली भेटीची तारीख मिळवणं हा स्वतंत्र विषय आहे. पत्त्यातली तफावत त्यात भर घालते.

१४. मेंबरशिपसाठी निफ नंबर लागतो का?

निफ हा तिथला नऊ आकडी कर क्रमांक, आपल्या पॅनसारखा. महिनाभराच्या हॉट डेस्कसाठी बहुधा लागत नाही, पासपोर्टवर काम होतं. घर, वीज, इंटरनेट घ्यायचं असेल तर लागतोच. पोर्तुगालमध्ये फ्रीलान्सर म्हणून नोंदणी केली असेल तर को-वर्किंगच्या प्रत्येक बिलावर निफ टाकून घ्या. बिल एकदा निफशिवाय निघालं की ते बदलून घेणं कटकटीचं असतं.

१५. कंपनीने "परदेशातून काम कर" म्हटलंय, पण क्लायंटचा डेटा गोपनीय आहे. को-वर्किंगमध्ये बसू का?

मॅनेजरचं तोंडी "चालेल" पुरेसं नाही, एचआर आणि आयटी सिक्युरिटीकडून लेखी घ्या. बँकिंग आणि आरोग्याच्या प्रकल्पांत सामायिक जागेतून काम करायला करारातच मनाई असू शकते, काहींमध्ये डेटा उघडायचा देशही ठरलेला असतो. परवानगी असेल तर भिंतीला पाठ लागेल अशी जागा, स्क्रीनवर प्रायव्हसी फिल्म, आणि नावं घेऊन बोलायचे कॉल बूथमध्येच. खुल्या हॉलमध्ये मराठीत बोललं की कुणाला कळत नाही, या भ्रमात राहू नका. लिस्बनमध्ये मराठी आणि कोकणी कळणारी माणसं तुम्हाला वाटतात त्यापेक्षा जास्त आहेत.

१६. टॅक्स कुठे भरायचा?

बारा महिन्यांत १८३ दिवसांपेक्षा जास्त पोर्तुगालमध्ये राहिलात तर तिथले करनिवासी ठरता. तिथे कायमचं घर मांडलं असेल तर दिवस कमी भरूनही तशी वेळ येऊ शकते. भारत आणि पोर्तुगालमध्ये दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे. जुन्या लेखांतून वाचलेली "एनएचआर" ही नव्या रहिवाशांची करसवलत २०२४ पासून नव्या लोकांना बंद झाली, तिच्या जागी आलेली सवलत ठरावीक कामांपुरती आहे. याहून पुढे दोन्हीकडचा सीएच सांगेल, को-वर्किंगमधला शेजारी नाही.

१७. आम्ही नवरा-बायको दोघंही रिमोट. एक मेंबरशिप दोघांत वापरता येईल का?

एका नावाची मेंबरशिप दुसऱ्याने वापरू नये, असं जवळपास प्रत्येक करारात असतं आणि रिसेप्शनला चेहरे पाठ असतात. त्यापेक्षा दोघांनी आपापल्या नावावर महिन्याला दहा दिवस अशा पॅकेजची चौकशी करा आणि आलटून-पालटून या. दोघांचे कॉल एकाच वेळी असतील तर घरी एक खोली कामासाठी आणि बाहेर एक मेंबरशिप, हेच बरं पडतं.

१८. वीज किंवा इंटरनेट गेलं तर?

एरवी जात नाही. पण २८ एप्रिल २०२५ ला सकाळी साडेअकराच्या सुमाराला पोर्तुगाल आणि स्पेनमध्ये एकदमच वीज गेली आणि लिस्बनच्या बऱ्याच भागात ती रात्रीच आली. मेट्रो थांबली, सिग्नल बंद, मोबाइल नेटवर्कही हळूहळू मान टाकत गेलं. कार्ड मशीन चालेनात, ज्यांच्या खिशात रोख होती त्यांनाच पाणी आणि पाव मिळाला. भारतात इन्व्हर्टर गृहीत धरायची आपल्याला सवय, इथे तो नसतो. तेव्हा विचारा: राउटरला बॅटरी बॅकअप आहे का, दुसऱ्या कंपनीची इंटरनेट लाइन आहे का, इलेक्ट्रॉनिक कुलूप वीज गेल्यावर उघडतं की अडकतं? तुमच्याकडे दुसऱ्या कंपनीचं सिम आणि वीस-तीस युरो रोख असू द्या.

१९. कुठल्या दिवसांत अडचण येते?

१३ जून ही सांतु अँतोनियोची शहराची सुट्टी. आदल्या रात्री अल्फामा, ग्रासा आणि बिका (कॉफी नव्हे, त्या नावाची वस्ती) इथे गल्लोगल्ली सार्डिन मासे भाजतात आणि पहाटेपर्यंत गाणी चालतात, त्या भागात दुसऱ्या दिवशी सकाळी कॉल ठेवू नका. नोव्हेंबरात वेब समिटच्या आठवड्यात डे-पास आणि मीटिंग रूम आधीच भरतात. ऑगस्टमध्ये उलट, लिस्बनकर सुट्टीवर, जागा रिकाम्या. घासाघीस करायची तर तेव्हा करा. सरकारी सुट्टीला रिसेप्शन बंद असतं, दार तुमच्या कार्डने उघडतं की नाही ते प्रश्न ३ प्रमाणे.

२०. सोडताना डिपॉझिट परत देत नाहीत. काय करू?

आधी करार वाचा. तीस दिवसांची लेखी नोटीस ही अट नेहमीची, आणि ती महिन्याच्या पहिल्या तारखेपासूनच मोजायची असं काही करारांत असतं. नोटीस दिलेली असेल आणि तरी टाळाटाळ होत असेल तर "लिव्रो द रेक्लामासोइश" मागा. हे तक्रारींचं पुस्तक ग्राहकांना सेवा देणाऱ्या व्यवसायाने ठेवणं पोर्तुगालमध्ये कायद्याने बंधनकारक आहे, ऑनलाइनही आहे, आणि ऑनलाइन तक्रारीला १५ कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं. बऱ्याचदा पुस्तकाचं नाव काढल्यावरच पैसे परत येतात. आवाज चढवून काही होत नाही, ती शांत माणसं आहेत.

२१. लिस्बन महाग वाटतंय. पोर्तो किंवा मदेरा?

व्हिसा तोच, घड्याळ तेच. पोर्तो थोडं स्वस्त आणि जास्त पावसाळी. मदेराच्या पोंता दो सोल गावात २०२१ मध्ये नोमॅड लोकांसाठी खास वसाहत सुरू झाली. हवा उत्तम, ईवा २२ टक्के, पण गाव लहान आणि डोंगराळ. अझोर्स बेटं लिस्बनच्याही तासभर मागे, म्हणजे भारतीय वेळेवाल्यांनी तिकडे बघूच नये.

२२. मध्येच तीन-चार आठवडे भारतात जायचंय. मेंबरशिप थांबवता येते का?

काही ठिकाणी वर्षातून एकदा विराम देतात, पण तो आपोआप मिळत नाही आणि महिन्याच्या मध्यापासून मिळत नाही. तिकीट काढण्याआधी विचारा. महिन्या-महिन्याचा हॉट डेस्क असेल तर सरळ बंद करून परत आल्यावर नव्याने घ्या. फक्त नोटिशीची तारीख (प्रश्न २०) आणि परतताना जागा शिल्लक असेल का, हे बघून. फिक्स्ड डेस्कवाल्यांनी मॉनिटर घरी न्यावा किंवा तो तिथेच राहील असं ईमेलवर लिहून घ्यावं, आणि लॉकरची किल्ली सोबत भारतात नेऊ नये, रिसेप्शनला देऊन पोच घ्यावी.